उशिरा पोहोचलेलं पॅकेट: इंटरनेट कॉलमध्ये दडवलेल्या मजकुराचा प्रकरण अभ्यास

इंटरनेटवरून चालणाऱ्या कॉलमध्ये आवाज ठरावीक मापाच्या तुकड्यांनी जातो. जी.७११ हा जुना आणि साधा कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत मांडण्याची पद्धत, घेतला तर दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट, त्यावर तीन प्रोटोकॉलांची हेडरं, म्हणजे पॅकेटचा क्रमांक, वेळ, पत्ता अशी माहिती: आरटीपीचं १२, यूडीपीचं ८ आणि आयपीचं २० बाइटचं, एकूण २०० बाइट. एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर ते सहसा कुणी परत मागत नाही, कारण परत येईपर्यंत त्या क्षणाचं बोलणं होऊन गेलेलं असतं. फार उशिरा आलेल्या पॅकेटचीही तीच गत. ऐकणाऱ्याचा फोन ते न वाजवताच टाकून देतो.

टाकून दिल्या जाणाऱ्या याच पॅकेटांत मजकूर भरायची पद्धत वॉर्सा तंत्रविद्यापीठातल्या वोइचेख माझुर्चिक आणि क्षिश्तोफ श्चिपिओर्स्की यांनी २००८ मध्ये मांडली. तिचं नाव लॅक. पाठवणारा फोन मधूनच एक पॅकेट बाजूला काढतो, त्यातला आवाज पुसून तिथे गुप्त मजकूर भरतो, पॅकेट मुद्दाम रोखून धरतो आणि वेळ टळून गेल्यावर सोडतो. साध्या फोनच्या दृष्टीनं ते निकामी असतं. ज्याला गुपित माहीत आहे तो फोन मात्र तेच पॅकेट उचलून उघडतो.

या प्रकरणात एकच कॉल तपासायचा आहे: मजकूर किती बसतो, काय बिघडतं आणि माग कुठे राहतो. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. लॅक पकडण्यासाठी कुणाचंही बोलणं ऐकावं लागत नाही. हेडर आणि घड्याळ पुरतं. संशयाच्या नावाखाली सरसकट कॉल रेकॉर्ड करण्याची जी घाई होते ती अनावश्यक आहे, आणि म्हणूनच ही तपासणी कशी करायची हे नीट मांडणं गरजेचं वाटतं.

कॉलची मांडणी

दोन सॉफ्टफोन. मध्ये संस्थेच्या सीमेवरचा एसबीसी, म्हणजे आतले आणि बाहेरचे कॉल ज्याच्यामधून जातात तो सेशन बॉर्डर कंट्रोलर. कोडेक जी.७११ चा ए-लॉ प्रकार, जो भारतात आणि युरोपात चालतो. ऐकणाऱ्याचा जिटर बफर ८० मिलिसेकंदांचा, स्थिर. जिटर बफर म्हणजे आलेली पॅकेटं थोडा वेळ थोपवून ओळीनं वाजवणारी जागा. इथे ८० मिलिसेकंदांहून जास्त मागे पडलेलं पॅकेट वाजत नाही. कॉल १० मिनिटांचा, शांततेतही पॅकेटं चालू.

पाठवणाऱ्याकडे तीन गोष्टी लागतात. कुठली पॅकेटं निवडायची याचा दोघांनाच ठाऊक असलेला क्रम, गुप्त मजकूर आधीच कूटबद्ध केलेला, आणि रोखून धरलेल्या पॅकेटांसाठी वेगळी रांग. पॅकेटचा क्रमांक आणि टाइमस्टॅम्प मूळचेच राहतात, आत फक्त १६० बाइट बदलतात. प्रत्येक उशिरा आलेलं पॅकेट काही गुप्त मजकुराचं नसतं, काही खरोखरच रेंगाळलेली असतात. म्हणून या १६० पैकी ८ बाइट ओळखीच्या शिक्क्याला द्यावे लागतात. समाईक किल्ली आणि पॅकेटचा क्रमांक यांतून तो काढता येतो. तुकड्याच्या अनुक्रमाला आणखी २ बाइट. उरले १५०.

किती बसतं

दर २०० पॅकेटांमागे एक, म्हणजे ०.५ टक्के, हा प्रमाणाचा अंदाज धरू. सेकंदाला ०.२५ पॅकेट, प्रत्येकी १२८० बिट: वेग सेकंदाला ३२० बिट. दहा मिनिटांत एका दिशेनं ३०,००० पॅकेटं जातात, त्यातली १५० गुप्त. शिक्का आणि अनुक्रम वजा करून २२,५०० बाइट हाती राहतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी सुटी मोजून. म्हणजे साडेसात हजार चिन्हं, साधारण हजारभर मराठी शब्द. मजकूर आधी आवळून घेतला तर आणखी पुष्कळ. पासवर्डांची यादी, बैठकीची टिपणं, किमतींचा तक्ता यांना एवढं भरपूर झालं. मोठ्या आराखड्याच्या फाइलसाठी मात्र हा मार्ग अगदीच तोकडा आहे.

कोडेक बदलला की हे गणित कोसळतं. जी.७२९ मध्ये २० मिलिसेकंदांचं पॅकेट फक्त २० बाइट आवाज नेतं, त्याच ०.५ टक्क्याला वेग सेकंदाला ४० बिटांवर येतो, आणि १० बाइटांचा शिक्का-अनुक्रम काढला तर निम्मी जागा गेलीच. शांततेत पॅकेटं थांबवण्याची सोय चालू असेल तर संवादात प्रत्येकाची बोलण्याची वेळ निम्म्याहून कमी भरते, त्या मानानं पॅकेटंही कमी निघतात.

०.५ टक्केच का, जास्त का नाही? कारण कानांना कळतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.१०७ शिफारशीतल्या ई-मॉडेलनं हे मोजता येतं. निर्दोष जी.७११ कॉलचा आर-अंक, म्हणजे दर्जाचा गुण, ९३.२ धरतात. पॅकेटं गळाली की त्यातून वजा होणारी रक्कम म्हणजे ९५ गुणिले गळतीचा टक्का, भागिले तोच टक्का अधिक कोडेकची सहनशक्ती. गळती झाकण्याची, म्हणजे हरवलेल्या तुकड्याच्या जागी अंदाजानं आवाज भरण्याची, सोय नसलेल्या जी.७११ ची सहनशक्ती ४.३, सोय असेल तर २५.१. आता आकडे घालून पाहा. सोय नसताना ०.५ टक्के गळतीला आर ८३.३, १ टक्क्याला ७५.३, २ टक्क्यांना ६३. सोय असताना हेच अंक ९१.३, ८९.६ आणि ८६.२. ऐंशीच्या वर ऐकणारे समाधानी असतात, सत्तरच्या खाली अनेकांची कुरकुर सुरू होते. म्हणजे गळती झाकणारा फोन समोर असेल तर २ टक्क्यांपर्यंत लपवणारा निर्धास्त, नसेल तर १ टक्क्यालाच ऐकणारा 'आवाज तुटतोय' म्हणणार. यात नेटवर्कची स्वतःची गळती अजून धरलेली नाही. ती १ टक्का असेल तर वरचा अर्धा टक्का मिळून दीड होतो, आणि सोय नसलेल्या फोनवर आर ६८.६ वर घसरतो.

कुठे फसतं

सगळ्यात मोठी अडचण जिटर बफरची. वर आपण तो स्थिर धरला, पण आजचे बहुतेक फोन आणि ब्राउझर परिस्थितीनुसार लहानमोठा होणारा बफर वापरतात. वेबआरटीसी या ब्राउझरमधून कॉल करण्याच्या तंत्रातला नेटएक हा त्यातला ठळक. असा बफर उशिरा येणारी पॅकेटं पाहून स्वतःला रुंद करतो. रुंदावताना तो एकदा गुप्त पॅकेटच्या उशिरापर्यंत पोहोचला की ते पॅकेट 'वेळेत' ठरतं आणि थेट वाजवलं जातं. कूटबद्ध मजकुराचे बाइट ए-लॉमध्ये वाजवले तर काय होतं? ए-लॉचे आवाजाच्या पातळीनुसार आठ टप्पे आहेत आणि सर्वांत वरचा टप्पा पूर्ण क्षमतेच्या निम्म्यापासून शेवटपर्यंतचा. यादृच्छिक बाइटांत आठातला एक नमुना तिथे पडतो. म्हणजे २० मिलिसेकंदांचा कर्कश 'खर्र'. बोलताना मध्येच, आणि पुन्हा काही सेकंदांनी. लपवणाऱ्याचा सारा खटाटोप इथेच उघडा पडतो.

मग उशीर खूप वाढवावा, सरळ दीड-दोन सेकंद? तिथे एसआरटीपी, म्हणजे आवाज कूटबद्ध करणारा आरटीपी, आडवा येतो. कूटबद्ध कॉलमध्ये जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवण्याचा डाव ओळखायला फोन शेवटच्या काही पॅकेटांची खिडकी ठेवतो. आरएफसी ३७११ नुसार (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) ती किमान ६४ पॅकेटांची, म्हणजे आपल्या कॉलमध्ये १.२८ सेकंद. खिडकी किमान मापाचीच असेल तर त्याहून जुनं पॅकेट एसआरटीपीच्या थरातच मरतं, गुपित जाणणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती लागतच नाही. त्यामुळे उशीर बफरच्या वर आणि खिडकीच्या खाली, साधारण १५० ते ४०० मिलिसेकंदांत ठेवणं भाग पडतं.

गुप्त पॅकेट खरोखरच हरवू शकतं, हे वेगळंच. परत मागायची सोय नाही. म्हणून मजकूर अशा रीतीनं तुकड्यांत पसरावा लागतो की काही तुकडे न मिळताही तो जुळेल, आणि तेवढ्या प्रमाणात जागा घटते. शिवाय एसबीसी जर आवाज उलगडून नव्यानं भरत असेल, कोडेक बदलताना हे होतंच, तर उशिरा आलेलं पॅकेट तिथेच संपतं.

माग कुठे राहतो

बहुतेक देखरेख यंत्रणा आरटीसीपीच्या, म्हणजे कॉलच्या दर्जाची आकडेवारी पाठवणाऱ्या आरटीपीच्या जोडप्रोटोकॉलच्या, अहवालावर अवलंबून असतात आणि लॅकच्या बाबतीत तिथेच चकतात. आरएफसी ३५५० मधल्या गळतीच्या व्याख्येत उशिरा आलेलं पॅकेट 'मिळालेलं' मोजतात. वाटेत न हरवलेली गुप्त पॅकेटं अखेर पोहोचतातच, त्यामुळे अहवालात त्यांची गळती दिसत नाही. फलकावर हिरवा दिवा, पण ऐकणाऱ्याचा आवाज तुटतोय, अशी विसंगती दिसली की कान टवकारावेत.

आरएफसी ३६११ च्या विस्तारित अहवालात 'हरवलेली' आणि 'टाकून दिलेली' यांचे दोन वेगळे आकडे आहेत. लॅकची ओळख याच दोहोंतल्या फरकात आहे: हरवलेली जवळपास शून्य, टाकलेली सतत काहीतरी. मात्र इथे एक बारकावा निसटतो. हे आकडे ८ बिटांत बसवतात, प्रमाणाला २५६ नं गुणून अपूर्णांक सोडून देतात. म्हणून ०.५ टक्क्याचा १.२८ होतो आणि १ म्हणून दिसतो, पण ०.३९ टक्क्याच्या खालचं सगळं शून्य. जाणकार माणूस ०.३८ टक्क्यावर थांबेल, सेकंदाला २४० बिटांच्या आसपास नेईल आणि अहवाल कोरा राहील.

जिटरचा, म्हणजे पॅकेटांच्या येण्यातल्या अनियमिततेचा, आकडाही फसवा आहे. सूत्र असं: प्रत्येक पॅकेटच्या प्रवासवेळेतला फरक आधीच्या सरासरीत एक सोळांशानं मिसळायचा. स्थिर नेटवर्कवर २१५ मिलिसेकंद रोखलेलं एक पॅकेट आलं की आकडा शून्यावरून १३.४ होतो, लगेच पुढचं वेळेवरचं पॅकेट आल्यावर २६. मग प्रत्येक पॅकेटला सोळातला एक भाग घटत जातो आणि ५० पॅकेटांनी, म्हणजे एका सेकंदात, पुन्हा १ मिलिसेकंदावर. अहवाल साधारण ५ सेकंदांनी निघतो. धक्का बसतो आणि विरतो, अहवाल निघेपर्यंत बहुधा काहीच शिल्लक नसतं.

त्यामुळे कच्च्या पॅकेटांकडे जावं लागतं. पाठवणाऱ्या फोनला जोडलेल्या स्विचच्या पोर्टवर प्रत घेतली आणि पॅकेटं तपासणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रॅमच्या आरटीपी विश्लेषणातून क्रमांक व वेळ यांची यादी काढली, तर लॅकची एक जागा अशी दिसते. ४१८४ नंतर २० ऐवजी ४० मिलिसेकंदांची पोकळी, मग थेट ४१८६. तिथून सगळं सुरळीत, २० च्या ठेक्यावर, ४१९५ पर्यंत. त्यानंतर १५ मिलिसेकंदांनी अचानक ४१८५. आणि ५ मिलिसेकंदांनी ४१९६, अगदी आपल्या वेळेवर.

या दहा-बारा ओळींत पुरावा आहे. राउटरमधली रांग पॅकेटांना उशीर करते, पण क्रम मोडत नाही. खरी कोंडी झाली असती तर ४१८५ च्या मागून ४१८६, ४१८७ हेही अडकले असते आणि मग सगळे एका दमात एकामागोमाग सुटले असते. इथे एकटं ४१८५ दोनशे पंधरा मिलिसेकंद मागे राहतं, दहा पॅकेटं त्याला ओलांडून जातात आणि त्याच्या आगेमागे असलेल्यांना काडीचाही धक्का नाही. फोनच्या अगदी शेजारी हे दिसलं असेल तर नेटवर्कला दोष देताच येत नाही. तो उशीर फोननंच केला. संगणक क्षणभर अडला असता तरी त्यातून निघालेली पॅकेटं क्रमानंच निघाली असती.

तपासणीचा क्रम म्हणून असा ठेवावा. आधी त्याच पोर्टवरचे इतर साधे कॉल घेऊन ओलांडणीची खोली मोजा, म्हणजे उशिरा आलेल्या पॅकेटच्या आधी किती पुढचे क्रमांक येऊन गेले. आरएफसी ४७३७ मध्ये या मोजमापांच्या व्याख्या आहेत. फोनच्या शेजारी हा आकडा शून्य असायला हवा. मग संशयित कॉलची सगळी ओलांडलेली पॅकेटं वेगळी काढा आणि प्रत्येकाच्या आगेमागे असलेल्या पाच-पाच पॅकेटांचा उशीर पाहा. शेजारी शांत आणि मधलं एकटंच मागे, असं वारंवार घडत असेल तर संशय पक्का होत जातो. शेवटी क्रमांकांतली अंतरं. कच्च्या प्रोग्रॅममध्ये ती नेमकी २०० ची निघतात. चांगला प्रोग्रॅम अंतरं विस्कटून टाकतो, पण तरी एक गोष्ट त्याच्याकडून सहसा सुटते: खरी गळती गर्दीच्या वेळी गुच्छानं येते, त्याची मात्र सकाळ-दुपार-रात्र सारखीच पसरलेली असते.

कॉल कूटबद्ध असला तरी यातलं काहीच अडत नाही. एसआरटीपी आवाज झाकतो; क्रमांक आणि टाइमस्टॅम्प उघडेच राहतात. कूटबद्ध नसेल तर आणखी एक चाचणी उपलब्ध आहे, तीही संशयित पॅकेटांपुरतीच. १६० यादृच्छिक बाइटांत सरासरी ११९ वेगवेगळ्या किमती सापडतात आणि शेजारच्या दोन नमुन्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. बोलण्यात नमुना पुढच्या नमुन्याला धरून चालतो, आणि शांततेत तर मूठभर किमतीच फिरून फिरून येतात.

खोटे संशयित

एका पॅकेटवरून कुणावरही बोट ठेवू नये. दोन लाइनींवर पॅकेटागणिक वाटणी करणारा राउटर असेल तर क्रम मोडतो, पण खोली एक-दोनची आणि कॉलभर. वाटेतला मार्ग बदलला तर नवी पॅकेटं जुन्यांना ओलांडतात, पण एकदाच आणि झुंडीनं. वेबआरटीसीत हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याची सोय चालू असेल तर एकटं, उशिराचं, मागच्या क्रमांकाचं पॅकेट खरोखर येतं, आणि ते लॅकसारखं हुबेहूब दिसतं. फरक पाठवणाऱ्याच्या बाजूला कळतो: तिथे मूळ पॅकेट वेळेवर निघालेलं असतं, नंतरचं ही त्याची दुसरी प्रत. म्हणूनच प्रत घेण्याची जागा फोनच्या जितकी जवळ तितकी चांगली. दोन पोर्टांवरच्या प्रती एकत्र जोडताना घड्याळांच्या फरकामुळेही क्रम उलटासुलटा होतो. जोडण्यापूर्वीच्या मूळ फाइली जपून ठेवाव्यात.

लपवणारा नेहमी चोरच असतो असंही नाही. जिथे कूटबद्ध संदेश पाठवणं हाच गुन्हा ठरवला जातो तिथल्या पत्रकाराला संवाद चालू आहे हेच लपवावं लागतं, आणि अशी साधनं त्यालाही लागतात. संस्थेनं स्वतःच्या सीमेवर हेडर तपासावेत, तिचा तो हक्क आहे. त्यापलीकडे जाऊन बोलणं साठवून ठेवायला या प्रकरणात कुठलंही तांत्रिक कारण सापडत नाही.

बंदोबस्त

लॅक थांबवणं पकडण्यापेक्षा सोपं आहे. एसबीसीवर नियम लावायचा: ज्याला सातपेक्षा जास्त पॅकेटं ओलांडून गेली आहेत ते पुढे सोडायचं नाही. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांत हे साधारण १५० मिलिसेकंद झाले. ऐकणाऱ्याचा बफर त्याहून लहान असेल तर त्याचं काहीच जात नाही. ते पॅकेट त्याचा फोन टाकूनच देणार होता. कूटबद्ध कॉललाही हा नियम चालतो, कारण लागतो तो फक्त क्रमांक. उपग्रहाच्या किंवा खराब मोबाइल जोडणीवर मोठा बफर वापरणारे फोन असतील तर मर्यादा त्यांच्या बफरपर्यंत वाढवावी, नाहीतर उशिरा येऊनही वाजू शकणारी खरी पॅकेटं नाहक मारली जातील.

वेळेशी न खेळणाऱ्या पद्धतींवर हा नियम चालत नाही. वॉर्साच्याच गटानं २०११ च्या सुमारास मांडलेल्या ट्रान्सस्टेगमध्ये आवाज जी.७११ वरून, समजा, ३२ किलोबिटांच्या जी.७२६ वर आवळतात, हेडरमध्ये कोडेक जी.७११ च सांगतात आणि प्रत्येक पॅकेटमध्ये मोकळ्या झालेल्या ८० बाइटांत मजकूर भरतात. सेकंदाला ३२,००० बिट, लॅकच्या शंभरपट, आणि एकही पॅकेट उशिरा नाही. त्याच गटाच्या २०१३ च्या स्कायडी पद्धतीत स्काइपची शांततेतली पॅकेटं वापरली होती; स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं आणि त्या पद्धतीचा आधारच गेला. ट्रान्सस्टेगला असा एकच आधार नाही. कॉल उघडा असेल तर संशयित पॅकेट जी.७११ म्हणून वाजवून पाहिलं की गोंगाट ऐकू येतो आणि काम होतं. एसआरटीपी असेल तर एसबीसीवर कूटबंध सोडून आवाज नव्यानं बांधणं एवढाच उपाय उरतो. त्यासाठी एसबीसीची क्षमता खर्ची पडते, कॉलमध्ये किमान एका पॅकेटचा उशीर वाढतो आणि दोन टोकांमधली गोपनीयता मध्येच तुटते. हा सौदा करायचा की नाही हे प्रत्येक संस्थेनं कॉलवरच्या माणसांना आधी सांगून ठरवावं.